एकतीस नंबरची पाटलीण

टप्.

रविवारची दुपार. लाइट गेलेली, पंखा थांबलेला, आणि गुंजन माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपलेली. घर इतकं गप्प होतं की तिच्या चोंदलेल्या नाकातून श्वास कसा अडखळत जातो तेही ऐकू येत होतं. स्वयंपाकघरातून पुन्हा आवाज आला. टप्. मला वाटलं, नळ नीट बंद झाला नसेल. मग वास आला. इंजेक्शनच्या आधी दंडावर कापूस फिरवतात ना, तो वास.

दंड हळूच सोडवून घेतला, तिच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि आत पळाले. गुंजनचा हात पोचू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवलेली पिशवी गळत होती, आणि थेंब खाली पालथ्या घातलेल्या परातीवर पडत होते.

त्या पिशवीत अठ्ठेचाळीस ट्यूब होत्या, करंगळीच्या पेराएवढ्या. प्रत्येकीत थोडं अल्कोहोल आणि त्यात झिंग्याच्या पायाचा एक कण.

वर्ध्यात झिंगे कुठले, असं मला माझ्या माहेरचे अजून विचारतात. गोड्या पाण्यातले. शेततळ्यात वाढतात. मी ज्या प्रकल्पात काम करते तो याच झिंग्यांवर आहे. एकाच दिवशी सोडलेली पिल्लं, तळं एक, खाद्य एक. पण सहा महिन्यांनी त्यातलं एक पंजाएवढं होतं आणि एक बोटाएवढंच राहतं. आमचे ठोंबरे सर सांगतात, "डोळ्याला दिसतं ते वजन. ते दादागिरीचंही असतं. जो आधी खाद्यावर पोचला तो फुगला. आपल्याला बघायचंय ते जन्मतः आत काय आहे." म्हणजे डीएनएमध्ये एखादी अशी खूण असते का, जी चांगल्या वाढणाऱ्यांत सापडते आणि खुरट्यांत सापडत नाही. तशी खूण असलेल्या माद्या निवडायच्या, कोकणातल्या बीज केंद्रात पाठवायच्या, आणि त्यांची पिल्लं पुन्हा इथल्या तळ्यांत सोडायची.

माझं काम त्यातलं सगळ्यात साधं. मादीच्या डोळ्याच्या देठात नंबराची बारीक कडी अडकवायची. झिंगा कात टाकतो तेव्हा अंगावरचं सगळं कातीबरोबर जातं, डोळ्यावरची कडी तेवढी राहते. मग वजन वहीत लिहायचं आणि पोटाखालच्या पायाचा कण कापून ट्यूबमध्ये टाकायचा. पाय पुन्हा उगवतो. ट्यूबवर कडीचाच नंबर लिहायचा मार्करनं, आणि तोच नंबर कागदाच्या कपट्यावर शिसपेन्सिलीनं लिहून ट्यूबच्या आतही टाकायचा. अल्कोहोल शाई खातं, पेन्सिलीला काही करत नाही. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं.

मी कपटे टाकले नव्हते.

आदल्या दिवशी तान्हा पोळा होता. माझा नवरा प्रफुल समुद्रपूरला त्याच्या आत्याच्या तेरवीला गेलेला, सासूबाई त्याच्यासोबत. शेजारच्या रीताताईंकडे पाहुणे. म्हणून गुंजनला घेऊनच मी सेलूकडच्या सुलोचनाकाकूंच्या तळ्यावर गेले. तिनं चाकांचा लाकडी बैल सोबत आणलेला, शिंगांना बेगड लावलेला. चार वाजता आमच्या गल्लीत पोरांचा पोळा भरणार होता. "मम्मी, चार वाजले?" हे साडेदहापासून सुरू. दोनला ती रडायला लागली ती थांबेचना. मी कपट्यांचं पाकीट तसंच ठेवलं आणि नुसत्या मार्करनं भराभर नंबर टाकत सुटले. चारला दहा कमी असताना आम्ही गल्लीत पोचलो. गुंजनच्या बैलाला नंबर नाही मिळाला, पण एक वही आणि बिस्किटाचा पुडा मिळाला, आणि तो पुडा तिनं कोणालाच फोडू दिला नाही. त्या घाईची मला आजही लाज वाटत नाही. लाज आहे ती पुढच्याची.

एका ट्यूबचं झाकण नीट बसलं नव्हतं. तळाशी असलेल्या ट्यूबवरचे आकडे ओले होऊन पसरले होते. मी ओढणीच्या टोकानं कोरडे करायला गेले आणि जे थोडंफार वाचता येत होतं तेही गेलं. ओढणी निळी झाली. मोजल्या. सतरा.

काय करायचं ते मला माहीत होतं. सरांना फोन करायचा, त्या सतरा ट्यूब फेकायच्या आणि सोमवारी तळ्यावर जाऊन त्याच सतरा माद्या धरून पुन्हा कण घ्यायचे. त्यांच्या डोळ्यांत कड्या होत्याच. एका दिवसाचं काम. पण त्या महिन्यात गुंजनच्या तापापायी माझ्या तीन सुट्ट्या झाल्या होत्या. तिसरीला सर म्हणाले होते, आवाज न चढवता, "मंजुषा, लहान मूल असलेल्या बाईला फील्डवर घेऊ नये, असं मला म्हणायला लावू नका."

मी फोन घेतला आणि परत ठेवला. वही उघडली. कोणत्या सतरा नंबरच्या ट्यूब सापडत नाहीत ते काढलं, त्यांची वजनं उतरवली. मग सतरा ट्यूब ताटात ओळीनं मांडल्या आणि ठरवलं, की सगळ्यात मोठा कण सगळ्यात जड मादीचा, त्याहून लहान कण त्याहून हलक्या मादीचा, असं शेवटपर्यंत. कण केवढा निघतो ते माझ्या कात्रीवर असतं, मादीच्या अंगावर नसतं, हे शेकड्यांनी कण कापलेल्या बाईला काय कोणी सांगायचं? तरी मी ते इतकं मन लावून केलं की शेवटी शेवटी मला ते बरोबरच वाटायला लागलं. नंबर लिहिले. या वेळी कपटेही टाकले, पेन्सिलीनं, छान अक्षरात. परात घासून ठेवली तेव्हा कुठे गुंजन उठली.

"कसला वास येऊन राह्यला?" दारात उभं राहून तिनं विचारलं.

"औषधाचा."

सोमवारी ट्यूब डीएनए तपासणीला रवाना झाल्या.

त्यानंतर वजनं घ्यायला मी दर पंधरवड्याला काकूंकडे जात राहिले. सुलोचनाकाकू पंचावन्नच्या असतील. घरचं शेत नवरा बघतो, तळं काकूंचं. पहिल्यांदा झिंग्याचं बीज सोडलं तेव्हा गावानं म्हणे त्यांची फार टिंगल केली. सुलोचनाबाईनं सेलूत समुद्र आणला, आता जहाज कधी येते? काकू मला ते सांगताना स्वतःच हसायच्या. "म्या म्हटलं, जहाज आलं का पयले तुम्हालेच बसवतो, आन् तिकडेच सोडून येतो."

कड्या अडकवलेल्या माद्या तळ्यातच एका जाळीच्या पिंजऱ्यात वेगळ्या ठेवल्या होत्या. त्यातली एकतीस नंबरची काकूंची लाडकी. खाद्याची परात पाण्याला टेकते न टेकते तोच ती सगळ्यांना रेटत पुढे यायची.

"आली पाहा पाटलीण. हिचं ताट पयले लावा, मंग बाकीच्यायचं."

पाटलिणीच्या गोष्टी मी गुंजनला सांगायचे. आज पाटलिणीनं कात टाकली आणि दोन दिवस लाजून कोपऱ्यात बसली. आज पाटलिणीनं काकूंच्या बोटाला चिमटा काढला. जेवताना घास थांबवून गुंजन विचारायची, "पाटलीण जेवली?" जेवली म्हटलं की हिचंही तोंड उघडायचं. एखाद्या दिवशी मी नुसतं जेवली, जेवली म्हणत तिला अख्खी पोळी भरवलेली आहे.

एकदा काकूंनी विचारलं, "कोकणात पाठवसान तिले, तं तिची पोरं याच तळ्यात येतीन ना वं?"

"हो काकू. सरांनी तसं कबूल केलंय."

"मंग दाखवतो म्या गावाले. म्हनतो, हे माह्या घरचं बियाणं होय."

नोव्हेंबरात निकाल आला. बारा माद्या निवडल्या होत्या. त्या ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून कोकणात जायच्या होत्या. थंडी वाढायच्या आत तळं रिकामं करायचं म्हणून बाकीचा माल त्याच सकाळी व्यापारी उचलणार होता. यादी माझ्या हातात आली तेव्हा मी आधी माझे सतरा नंबर शोधले. त्यातले पाच निवडलेल्यांत होते. बारा नव्हते. त्या बारांत एकतीसही होती.

तेव्हा तरी बोलायचं. दोन दिवस होते माझ्याकडे. पहिल्या दिवशी ठरवलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी सर इतके खूश होते, दारातच म्हणाले, "मंजुषा, तुमच्या नोंदी फार स्वच्छ आहेत," आणि मी नुसती मान हलवून आत गेले.

त्या सकाळी तळ्याच्या बांधावर मी यादी घेऊन उभी. सर पिशव्यांपाशी. व्यापाऱ्याची माणसं बर्फाचे डबे घेऊन. काकू गुडघाभर पाण्यात, एकेक मादी काढून कडीचा नंबर वाचत होत्या. नंबर यादीत असला की मी म्हणायचे "पिशवी", नसला की "बर्फ".

"एकतीस," काकू म्हणाल्या, आणि तिला दोन्ही हातांत धरून माझ्याकडे पाहत राहिल्या.

मी कागदात पाहिल्यासारखं केलं. "बर्फ, काकू."

"नीट पाह्य. एकतीस म्हटलं म्या."

"नाही तिच्यात ती खूण."

"अवं, साऱ्या तळ्यात हिच्याएवढी नाई, आन् हिच्यातच निशाणी नाई म्हनता?"

सर लांबूनच समजावू लागले, "काकू, ती नुसती खाऊन मोठी झाली. तिच्या पिल्लांत ते उतरेलच असं नाही."

व्यापाऱ्याचा माणूस हसला. "खाऊन मोठी झाली, तरीच पाटलीण म्हनता काय जी?" काकू नाही हसल्या. त्यांनी तिला स्वतः नेऊन बर्फात ठेवलं, दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नाही.

पुढच्या चार-पाच गेल्या. मग आली नऊ नंबरची. यादीत होती, माझ्या त्या सतरांतलीच. काकूंच्या तळहातावर ती पूर्ण मावत होती, वर जागा उरत होती.

"हे? हे होणार साऱ्यायची माय?"

बांधावर हशा पिकला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता भांडतील. भांडल्या असत्या तर मी कदाचित यादीवर बोट ठेवून तशीच उभी राहिले असते.

"असन बाप्पा," त्या म्हणाल्या. "तू म्हनतेस तं असन. तू शिकेल हायेस." आणि नऊ नंबरची पिशवीकडे न्यायला वळल्या.

"सर, थांबा," मी म्हणाले.

सगळे थांबले. मी सरांजवळ गेले, पण हळू बोलायचं ठरवूनही आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "ऑगस्टमध्ये अल्कोहोल सांडलं होतं. सतरा ट्यूबवरचे नंबर पुसले गेले. मी परत अंदाजानं टाकले."

सरांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाले, "पुसले गेले म्हणजे? कोणी पुसले?"

इथवर मी खरं बोलले होते. देवाशपथ पुढचंही खरंच बोलणार होते. पेन्सिलीचे कपटे टाकले नाहीत, घाई केली, ओढणीनं पुसलं, फोन उचलून ठेवला, सगळं. तोंड उघडलं आणि शब्द आले ते असे:

"गुंजननं. पिशवी खेळायला घेतली होती तिनं."

केवढं सोपं वाक्य. बांधावरच्या सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. व्यापाऱ्याच्या माणसानं च्यक केलं. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तेव्हाच सांगायचं ना. लहान मूल आहे, होतं असं," ते म्हणाले, आणि मी म्हणाले, "भीती वाटली सर." तेही सगळ्यांना पटलं. मी रडले तर काकूंनी ओल्या हातानं माझी पाठ चोळली.

"पोरीले मारलं तं नाई ना तुनं?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"लेकराची जात होय. तिले कायले बोल लावाचा?"

पुढचं काम सरांनी भराभर उरकलं. सतरापैकी सहा तोवर बर्फात गेल्या होत्या. काकूंनी डब्यात हात घालून पाटलिणीला वर काढलं, पाण्यात धरलं, दोनदा तीनदा पुढेमागे केलं. ती हलली नाही. उरलेल्या अकरांचे कण मी नव्यानं घेतले, मेलेल्या सहांचेही, कपटे टाकून. कोकणची गाडी त्या दिवशी रद्द झाली. निघताना काकूंनी माझ्या स्कूटीच्या डिक्कीत बांधावरची सीताफळं भरली. "गुंजनले देजो. म्हना, काकू रागावली नाई."

सीताफळं गुंजननं आवडीनं खाल्ली. बिया बशीत मोजल्या. "कोनी देल्ले?" काकूंनी. "काऊन?" मी तिचं तोंड पुसत राहिले.

मागच्या बुधवारी नवा निकाल आला. नऊ नंबरमध्ये ती खूण नव्हती. एकतीसमध्ये होती. आईकडून आलेलीही आणि बापाकडून आलेलीही, अशी दोन्हीकडून असणारी अख्ख्या तळ्यात ती एकटी होती. सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. "काकूंना तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाले.

शनिवारी गेले. बालवाडीला सुट्टी होती म्हणून गुंजन सोबत आली. म्हणजे तिला रीताताईंकडे ठेवता आलं असतं. पण मला वाटलं, लेकरू कडेवर असलं की काकू जास्त बोलणार नाहीत. हेही लिहूनच टाकते.

तळं आटलेलं होतं. काकू कुदळीनं बांधाची पडझड सारखी करत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी कुदळ खाली ठेवली, पदरानं मान पुसली.

"म्हंजे होती तिच्यात."

"होती काकू. सगळ्यांपेक्षा जास्त."

"म्या म्हटलंतं."

"हो."

त्या रिकाम्या तळ्याकडे पाहत राहिल्या. मला त्यांचा राग हवा होता. राग आला असता तर कदाचित त्याच्या धक्क्यानं बाकीचं खरंही माझ्या तोंडून पडलं असतं. पण त्यांनी माझ्या मागे ओढणीला धरून उभ्या असलेल्या गुंजनकडे वाकून पाहिलं, हसऱ्या तोंडानं. लेकराला कसंनुसं वाटू नये म्हणून.

"हेच का वं थे, आमचे आकडे पुसणारी मास्तरीण?"

गुंजनलाही हसू आलं. आपल्याला मास्तरीण म्हटलं हे तिला आवडलं होतं. "कोनते आकडे?"

"पाटलिणीचे. तुनं नाई का पिशवी घेतली खेळाले, आन् सारे नंबर पुसले?"

"मी?"

"मंग कोन? तुह्या मायनंच तं सांगतलं आमाले."

गुंजननं माझ्याकडे पाहिलं. मी ओढणी तिच्या मुठीतून सोडवायला लागले, उगाच, काहीतरी करायचं म्हणून. तिनं सोडली नाही. ती आठवत होती. काही आठवायचं असलं की ती खालचा ओठ दातांत धरते आणि वर पाहते, बाप पाहतो तसं. बराच वेळ तिनं वर पाहिलं.

"पाटलीण कुठी हाय?" तिनं काकूंना विचारलं.

"गेली थे, माय."

"माह्याच्यानं?"

"नाई वं, नाई. तुह्याच्यानं कायची? लहान हायेस तू. लेकराले समजते का?" काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं, आता तू सांग तिला, अशा नजरेनं.

मी गुंजनच्या फ्रॉकची कॉलर सारखी केली.

गुंजन दोन पावलं पुढे गेली, कोरड्या पडलेल्या तळाकडे वाकून पाहिलं, परत आली. मला खाली बसवलं, कानात सांगायचं असल्यासारखं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, पण बोलली मोठ्यानंच, काकूंना ऐकू जाईल असं. तिच्या आवाजात माझ्याबद्दल जराही संशय नव्हता, सगळा स्वतःबद्दल होता.

"मम्मी, मीच पुसले, तं मले आठवत काऊन नाई?"